ठोकून पाहिलेलं

उदगीरला, देगलूर रस्त्याला, टायरच्या दुकानाला लागून
आमचं सेंटर. एक्स-रे, सोनोग्राफी.
एमआरआय लागला तर लातूर.

सायबण्णा आला तो उजवा हात डाव्या हातात धरून,
उसनी आणलेली वस्तू परत द्यायला आल्यासारखा.
"खांदा दुखलालाय. कुशीवर झोपता येईना."
पाटे, वरवंटे घडवायचा;
आता जास्त करून कोनशिला, आणि थडग्यांवरची नावं.
नखांत दगडाची भुकटी.

गळ्यातला ताईत काढायला लावला.
धातू सगळ्यात पांढरा उमटतो,
त्याच्याखालोखाल हाड,
मग मांस, राखेच्या रंगाचं,
स्नायू कुठं संपला, कंडरा कुठं सुरू झाली
याचा पत्ता न लागू देणारं.
हवा काळी.
सावलीच ती शेवटी. आडवं आलं त्याची.

एक फोटो समोरून, एक बगलेकडून.
एकाच बाजूनं पाहिलेल्यावर भरवसा ठेवायचा नाही,
असं शिकवणारे आमचे बागवान सर
सही करायच्या आधी कोरा कागदही उलटून बघायचे.
दोन्हींत हाड धडधाकट.
रिपोर्टवर शब्द पडला: नॉर्मल.

"मंग दुखलालंय ते काय?"
पोरगा मोबाईलमधून मान न काढता म्हणाला,
"काय न्हाई झालं म्हंजे."
मी म्हणालो, नॉर्मल म्हणजे
या किरणांना काही दिसलं नाही, एवढंच.

डॉक्टरांनी एमआरआय लिहिला.
तिथं किरण नाहीत, चुंबक असतो.
अंगातल्या पाण्याला हाक मारतात
आणि पाणी ओ देतं, मऊ मऊ जागांतून.
फॉर्म मी इथंच भरून घेतो, खेप वाया जाऊ नये म्हणून.
पेसमेकर? न्हाई.
सळई, स्क्रू? न्हाई.
डोळ्यात कधी लोखंडाचा कण?
सायबण्णा हसला.
"चाळीस वर्सं छन्नी हाणलालोय सायेब.
गेला नसंल तर नवल."

डोळ्यांचा एक्स-रे काढला.
डाव्या खोबणीत, तिळाएवढा,
सगळ्या फिल्ममध्ये पांढरा तोच.
वर बघ म्हणालो, खाली बघ म्हणालो;
नजरेबरोबर तोही हलला.
चुंबकानं ओढलाच असता.
लातूर रद्द.

मग मठपती मॅडमनी खांद्याला गार जेल लावलं.
"ह्यात काय असतंय?"
आवाज.
"मला तर ऐकू येईना."
माणसाला येत नाही. आत जातो, आदळतो, माघारी येतो.
माघारी यायला किती वेळ लागला, त्यावरून चित्र.
तो ताडकन उठून बसला, जेल दंडावरून ओघळतंय,
"म्हंजे ठोकून बघतंय की!"
आणि मॅडमना सांगायला लागला,
धड दगड कसा खणखणतो,
चीर असली की कसा बद्द बोलतो,
वरून दिसो न दिसो.
मॅडमनी त्याला बोलू दिलं. बाहेर सात पेशंट होते.

पडद्यावर पिळाच्या दोरीसारखी कंडरा,
आणि मधेच काळं.
नऊ मिलिमीटर.
तो त्या काळ्याकडं बघत राहिला.
मग पोराकडं.
पोरानं मोबाईल खिशात घातला.

जाताना डोळ्याची फिल्म मागून घेतली,
"माझी छन्नी हाय त्यात."
पैसे मोजले डाव्या हातानं, सावकाश.
आणि सवयीनं असेल,
एक्स-रेच्या खोलीची भिंत बोटाच्या पेरानं वाजवली.
एकदा. वीतभर खाली, परत एकदा.
कान लावला.
"सायेब, हितं बद्द बोललालीय. आत पोकळ हाय बगा."

त्या भिंतीमागं उभा राहून मी बटण दाबतो,
दिवसाला चाळीसेक वेळा, अकरा वर्षं झाली.
छातीवरचा बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासायला जातो
आणि नॉर्मल होऊन परत येतो.